कापलेले दहा टक्के

सोलापूरच्या मुलांना कामासाठी शहर सोडणं, राज्याची हद्दही ओलांडणं नवं नाही. हुतात्मानं पुणं, हुसेनसागरनं हैदराबाद, उद्याननं बंगळूर; तीन गावांना तीन गाड्या आणि तिन्हींत आपली मुलं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक पद्मशाली घरांना तर हैदराबाद परमुलूख वाटतच नाही, कुणाची तरी आत्या किंवा मावशी तिकडं असतेच. अभियांत्रिकीचं शेवटचं सत्र आलं की इंटर्नशिपसाठी ही मुलं जानेवारीत निघतात, जूनअखेर परततात. त्यातली काही मग नव्या पेठेतल्या माझ्या ऑफिसात येतात. मी कर सल्लागार आहे. यंत्रमागवाले, टॉवेलचे कारखानदार, भुसारचे व्यापारी ही माझी मूळची माणसं. त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी शब्दावरून पहिला विद्यार्थी आला, त्यानं मित्राला सांगितलं, आणि आता जून-जुलैत ऑफिसातल्या बाकावर व्यापाऱ्यांपेक्षा विद्यार्थी जास्त दिसतात.

त्यांचे प्रश्न दोनच असतात. पहिला: “सर, दहा टक्के कापलेत, ते गेले का?” दुसरा: “कापलेत बंगळुरात. मग रिटर्न तिथं भरायचं का?”

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हसलं तर मला राग येतो. या मुलांनी आतापर्यंत पाहिलेला सरकारी कागद राज्याचाच आहे. गाडीचं पासिंग एमएच-१३, रेशनकार्ड महाराष्ट्राचं, डोमिसाईल महाराष्ट्राचं, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी महाराष्ट्राची. कर्नाटकात त्यातलं डोमिसाईल किंवा जातीचा दाखला चालत नाही, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. मग कर्नाटकात कापलेला कर कर्नाटकानंच घेतला असेल, असं त्यांना वाटणं अगदी रास्त आहे. मी त्यांना सांगतो की शेतीखेरीजच्या उत्पन्नावरचा आयकर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनं केंद्राकडे दिलाय. पॅन देशभर एक, रिटर्न एक, ते सोलापुरात बसून भरायचं. आपण कुठूनही भरलं तरी त्याची छाननी बंगळूरच्या केंद्रातच होते, ही गंमत त्यांना फार आवडते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण तिथं उत्तर मुलापरत्वे बदलतं. दोन मुलं एकाच वर्गातली, एकाच शहरात, सारख्याच स्टायपेंडवर काम करतात. एका कंपनीनं मुलाला पगारपत्रकावर घेतलेलं असतं. ती वर्षभराच्या रकमेचा अंदाज करते, रक्कम करपात्र मर्यादेच्या खाली आहे हे पाहते आणि काहीच कापत नाही. दुसरी कंपनी त्याच कामाचे पैसे व्यावसायिक सेवेचं शुल्क म्हणून दाखवते आणि कलम १९४जे (मार्च २०२६पर्यंतच्या कायद्यातलं) लावून दर महिन्याला सरसकट १० टक्के कापते. वीस-एकवीस वर्षांच्या, अजून पदवीही हाती न आलेल्या मुलाला ‘व्यावसायिक’ ठरवायचं, हे मला पटत नाही. तो कुणाच्या तरी हाताखाली शिकतोय. कंपनीनं कोणतं कलम लावलं एवढ्यावरून मिळकतीचं स्वरूप ठरत नाही, हे मी प्रत्येक मुलाला सांगतो आणि त्याचं नेमणुकीचं पत्र आधी वाचतो. पालक पुष्कळदा म्हणतात, “बँकेत आम्ही १५जी देतो, तसा फॉर्म दिला असता तर कापलं नसतं ना?” तसा फॉर्म ठेवीच्या व्याजाला चालतो, या कपातीला चालत नाही. कापून झाल्यावर रिटर्न भरून परत मागणं, एवढीच सरळ वाट उरते.

२०२४च्या जुलैत पूर्व भागातली एक मुलगी आईला घेऊन आली. आई विड्या वळते. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, घरी वळायचं, दुसऱ्या दिवशी माल द्यायचा आणि माल तपासणारा जेवढी छाट काढेल तेवढ्या विड्यांवर पाणी सोडायचं, असं तिचं आयुष्य गेलेलं. मुलगी जानेवारी ते जून बंगळुरात होती. महिना २५,००० स्टायपेंड, हातात २२,५००. सहा महिन्यांत १५,००० कापले गेले होते. मी कपात म्हणजे काय ते सांगत होतो, तेव्हा आई मध्येच म्हणाली, “सर, विडीत छाट काढतेत, तसंच हाय का हे?” मी म्हटलं, “मावशी, छाट परत मिळत नाही. हे परत मिळतं.” तिनं मुलीकडं बघून तेलुगूत काहीतरी विचारलं. मुलगी हसली. “आईला वाटतंय तुम्ही धीर द्यायला सांगताय.”

इथं एक गुंता असतो, तो मुलांच्या लक्षात येत नाही. जानेवारी ते जून हे सहा महिने दोन आर्थिक वर्षांत पडतात. मार्चअखेरचे तीन महिने एका वर्षात, एप्रिलपासूनचे पुढच्या. म्हणजे त्या जुलैत १५,०००पैकी ७,५००च मागता येणार होते, उरलेल्या ७,५००साठी एक वर्ष थांबायचं. हे आधी समजावून दिलं नाही तर रिफंड आल्यावर घरात कुजबुज सुरू होते की अर्धे पैसे कुणी खाल्ले. मी कागदावर दोन रकाने आखून देतो आणि तो कागद त्यांनाच न्यायला सांगतो.

आयकराच्या पोर्टलवर २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडलं. जानेवारी-मार्चची कपात दिसत होती. कंपन्या शेवटच्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत भरतात, म्हणून मे महिन्यात घाईनं आलेल्या मुलांना मी परत पाठवतो आणि जूनच्या मध्यानंतर या म्हणतो. तिचं उत्पन्न ७५,०००. त्या वर्षी नव्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत कर नव्हता. रिटर्न भरणं तिला बंधनकारकही नव्हतं, पण भरल्याशिवाय पैसे परत येणार नव्हते. हिशेब एवढाच. वेळ गेला तो नावात. तेलुगू घरांत आडनाव पुढं लिहायची रीत आहे. पॅनवर एक क्रम, आधारवर दुसरा, आणि बँकेचं खातं शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, त्यावर आडनावाचं नुसतं आद्याक्षर. रिफंड जिथं यायचा ते खातं आधी पोर्टलवर पडताळून घ्यावं लागतं. नाव जुळलं नाही की पडताळणी फसते. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा, तो नंबर कधीच बंद पडलेला. बँकेची एक फेरी, आधार केंद्राची एक फेरी. तिनं दोन्ही एकटीनं केल्या, आणि मला ते बरं वाटलं.

खरी अडचण मात्र त्यानंतर आली. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात होते. गल्लोगल्ली रांगा होत्या. कुटुंबात कुणी आयकरदाता असेल तर बाई अपात्र, ही अट आईच्या कानावर आली होती. ती एकटीच परत आली आणि दारातूनच म्हणाली, “पोरीचं रिटर्न भरू नका सर. माझे पंधराशे बंद होतील.”

त्या बाईला काय सांगायचं? सात हजार पाचशे एकदाच येणार; पंधराशे महिन्याच्या महिन्याला. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. मी तिला बसवलं आणि दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. रिटर्न भरणं म्हणजे कर देणं नव्हे. मुलीच्या पावतीवर एकूण कर शून्य आणि परतावा ७,५०० असं छापून येईल, ती पावती जपून ठेवायची आणि कुणी विचारलं तर तीच दाखवायची. दुसरी गोष्ट सांगायला जड होती. घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं ही अट वेगळी आहे, आणि मुलीची कमाई त्या बेरजेत येते, रिटर्न भरा किंवा भरू नका. त्या वर्षी बेरीज आत होती. पुढच्या वर्षी मुलगी नोकरीला लागली की बेरीज मर्यादेबाहेर जाईल, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “तेव्हाचं तेव्हा,” म्हणाली, “पण खोटं नका लिहू कुठं.” रिटर्न ३१ जुलैच्या आत गेलं.

ही भीती एकट्या तिची नाही. मोफत धान्य, शिष्यवृत्ती, घरकुल, कशातून तरी नाव उडेल म्हणून हक्काचा पैसा सोडणारी घरं या शहरात पुष्कळ आहेत. आयकर हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांसमोर धाड येते. सरकारकडून आपले पैसे परत मागता येतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि कायदा त्यांच्यासाठी थांबत नाही. ३१ डिसेंबर उलटला की उशिराचं रिटर्नही बंद होतं. नंतर अद्ययावत म्हणून जे रिटर्न भरता येतं त्यात परतावा मागता येत नाही. मग आयुक्तांकडे कारणासह विलंबमाफीचा अर्ज करायचा. विडी वळणाऱ्या घरातलं पोर तो अर्ज कधी करणार?

राज्याचा म्हणून जो कर पगारातून खरोखर कापला जातो तो वेगळाच आहे, आणि त्याबद्दल मुलं फारशी विचारतही नाहीत, कारण रक्कम लहान. पगारपत्रकावर ‘पीटी’ अशी दोन अक्षरं असतात. व्यवसाय कर. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं तो राज्यांना दिलाय आणि वर्षाला २,५००ची कमाल मर्यादा घातलीय. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीआधी ती २५० होती. तुम्ही जिथं काम करता त्या राज्याचा दर लागतो. महिना २४,००० पगाराचा मुलगा पुण्यात असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातात. तोच हैदराबादेत गेला तर २००. बंगळुरात गेला तर एक पैसा नाही, कारण कर्नाटकात २०२३पासून २५,०००च्या खालच्या पगाराला सूट आहे. त्याच पगाराची मुलगी पुण्यात असेल तर तिलाही काही नाही. महाराष्ट्रानं २०२३मध्ये बायकांसाठी मर्यादा २५,०००वर नेली. गुरुग्रामला किंवा नोएडाला गेलेल्याच्या पगारपत्रकावर ही अक्षरंच नसतात, हरियाणा आणि उत्तर प्रदेश हा कर घेतच नाहीत. हा कर मालक कापतो, मालकच भरतो, नोकरदारानं त्याचं वेगळं रिटर्न भरायचं नसतं. तो परतही मिळत नाही. नव्या करप्रणालीत त्याची वजावटही नाही.

एका मुलानं मला विचारलं होतं, “सर, आयकर केंद्राला गेला. मग हे दोनशे राज्य कशाला घेतं?” पुण्यात नोकरी लागलेला मुलगा, गाव मंगळवेढ्याकडचं. मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर त्याच्याच गावात होतं. मी त्याला विचारलं, आजोबा बाहत्तरच्या दुष्काळाचं काही सांगतात का? सांगतात म्हणाला. खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची.

महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५मध्ये ज्या कल्पनेचा लहानसा प्रयोग केला, तिला १९७२च्या दुष्काळानं राज्यभर नेलं. मागेल त्याला काम द्यायचं तर मजुरीला पैसा हवा. तो शहरातल्या पगारदारांकडून दरमहा थोडाथोडा घ्यायचा आणि सरकारनं त्यात आपली भर घालायची, असं ठरलं. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७९च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. पुण्या-मुंबईतला कारकून आणि सांगोला-मंगळवेढ्यातल्या पाझर तलावावर पाटी वाहणारी बाई, यांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण याच्या पगारातून तिच्या हजेरीचा पैसा जात होता. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांत असं नातं बांधणारा दुसरा कर मला माहीत नाही. कायद्यात आणखी एक ओळ आहे, जी वाचताना मला नेहमी आपली गिरणी आठवते. कापडधंद्यातल्या बदली कामगाराला या करातून सूट आहे. सकाळी गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत जायचं, नाहीतर घरी. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू बंद पडल्या, बदली कामगार राहिला नाही, पण त्याच्यासाठी लिहिलेली ती ओळ आहे. मंगळवेढ्याच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. ते दोनशे मनापासून द्यावेत असे आहेत, असं माझं मत आहे, आणि मी ते सांगताना आडपडदा ठेवत नाही.

विदेशातल्या मुलांची गोष्ट निराळी. अमेरिकेत केंद्राचा आयकर वेगळा आणि बहुतेक राज्यांचा स्वतःचा वेगळा. जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या शिक्षकांची मुलगी टेक्सासमध्ये एमएस करतेय. टेक्सासला राज्याचा आयकर नाही. उन्हाळ्यात ती इंटर्नशिपला कॅलिफोर्नियात गेली आणि तिथल्या पगारातून राज्याचाही कर कापला. सरांनी मला पगारपत्रक दाखवून विचारलं, हे कसं? राहते एका राज्यात, कर घेतं दुसरं. मी वाचलं तेवढं सांगितलं. जिथं काम केलं ते राज्य त्या कामाच्या पगारावर कर घेतं, तिथं अनिवासी म्हणून वेगळं रिटर्न भरावं लागतं, आणि भारत-अमेरिका करारातल्या एकविसाव्या कलमानं भारतीय विद्यार्थ्याला केंद्राच्या रिटर्नमध्ये जी प्रमाणित वजावट मिळते, ती करारातली सवलत कॅलिफोर्निया आपल्या करासाठी मानत नाही. पुढचं काम माझं नाही, तिच्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा, असं सांगून थांबलो. एका मुलीला एका वर्षात दोन सरकारांचे कागद, तेही परक्या भाषेत. ते पाहिल्यावर आपल्या मुलांना एका पॅनवर, एका रिटर्नवर भागतं, याचं मोल मला जास्त कळलं.

सगळे रिफंड येतातच असं नाही. मागं एका लहान कंपनीनं एका मुलाचे पैसे दर महिन्याला कापले आणि सरकारात भरलेच नाहीत. पगारपत्रकावर कपात, २६एएसमध्ये शून्य. कायदा मुलाच्या बाजूनं आहे. कर कापला गेला असेल तर तो पुन्हा त्याच्याकडून मागता येत नाही. पण त्याच्याकडून कुणी मागतच नव्हतं. त्याला परत हवे होते, आणि जो पैसा खजिन्यात पोचलाच नाही तो परत मिळवणं फार अवघड. आम्ही कंपनीला पत्रं लिहिली, मेल केले. उत्तर नाही. मुलगा शेवटी म्हणाला, “जाऊ द्या सर.” मी जाऊ दिलं नाही, तक्रार लिहून खात्याकडं पाठवली, पैसे अजून आलेले नाहीत. शिकाऊ मुलाचा कर कापून खिशात घालणं ही चोरी आहे, तिला दुसरं नाव देण्याची गरज नाही. तेव्हापासून मी मुलांना सांगतो, इंटर्नशिप चालू असतानाच, तिमाही संपल्यावर, २६एएस स्वतः उघडून बघा. तुम्ही अजून त्या ऑफिसात बसत असता तोवर विचारणं सोपं असतं.

विडीवाल्या मावशींच्या मुलीचे पहिले ७,५०० आले, दुसरे पुढच्या वर्षीच्या रिटर्नमधून आले. ते दुसरं रिटर्न तिनं हैदराबादेत बसून स्वतः भरलं, मधल्या काळात लागलेल्या नोकरीचा फॉर्म १६ आणि जुन्या स्टायपेंडची कपात दोन्ही जुळवून. मुदत त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत वाढली होती. तिनं ऑगस्टमध्येच पाठवलं आणि पाठवण्याआधी मला एकदा दाखवलं. मला काही बदलावं लागलं नाही. आईनं लाडक्या बहिणीच्या पैशांचं पुढं काय केलं, ते मी विचारलं नाही.

आता जानेवारी उजाडायच्या आत, मुलं गाडीत बसायच्या आधी, मी एक-दोन महाविद्यालयांत जाऊन बोलतो. प्राध्यापकांना मी विनंती करतो की इंटर्नशिपच्या पत्रावर सही करतानाच मुलाला तीन गोष्टी विचारा: पॅन आधारला जोडलंय का, बँकेतलं नाव पॅनसारखं आहे का, पैसे पगार म्हणून मिळणार की शुल्क म्हणून. आयकराचा नवा कायदा एप्रिल २०२६पासूनचा; त्यात कलमांचे आकडे वेगळे, आकारणी वर्षाच्या जागी करवर्ष. माझं सगळं टिपण नव्यानं लिहावं लागेल. मागच्या खेपेला एका मुलीनं विचारलं की नवीन कायद्यात आमची कपात कोणत्या कलमाखाली येणार, ते मराठीत लिहून मिळेल का. दोन पानांचं टिपण करायला घेतलंय. तेलुगू आणि कन्नडमध्ये उतरवून द्यायला तिच्याच वर्गातली दोन मुलं तयार झाली आहेत.